भारतीय फुटबॉलचा रेकॉर्ड वाचताना शेऱ्याचा रकाना सोडू नका

प्रश्न कोल्हापूरहून आला आहे. एका तालीम मंडळाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात भारतीय फुटबॉल संघाचा इतिहास आणि आकडेवारी एका पानात द्यायची आहे. प्रश्न विचारणारे लिहितात : "तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे मिळतात. किती सामने खेळलो, किती जिंकलो, कशाचाच मेळ बसत नाही. आमच्याकडचे जुने लोक सांगतात की 1950 साली अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण वर्ल्ड कपला गेलो नाही. ते खरं का? आणि आपण खरंच आशियात पहिले होतो का? छापलेलं चुकलं तर लोक पंचवीस वर्षं आमच्या तोंडावर मारतील."

शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. छापण्याआधी अशी धास्ती वाटणारी माणसं कमी झाली आहेत.

मी तीस वर्षांहून जास्त काळ वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात होतो आणि त्यातला मोठा भाग आकडेवारीच्या टेबलावर गेला. भारतीय संघाच्या सामन्यांची हाताने लिहिलेली वही मी अजूनही ठेवतो. तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, स्पर्धा, निकाल, गोल करणारे, कर्णधार असे रकाने आहेत आणि सगळ्यात शेवटी एक रुंद रकाना 'शेरा'. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक या शेवटच्या रकान्यात आहे. आकडे न जुळण्याचं कारण कुणी तरी चुकीचं मोजलं हे क्वचितच असतं. काय मोजायचं हे प्रत्येकाने वेगळं ठरवलेलं असतं, म्हणून ते जुळत नाहीत.

आधी हेच बघू. देशाचा निळा शर्ट घालून खेळलेला प्रत्येक सामना 'आंतरराष्ट्रीय' होत नाही. दोन्ही बाजूंना देशाचा मुख्य संघ असेल तरच तो पूर्ण दर्जाचा सामना. आपल्याकडे 1950 आणि 60 च्या दशकांत परदेशी क्लब यायचे, आपला संघ लांबच्या दौऱ्यांवर जायचा आणि तिथे शहरांच्या निवडक संघांशी, क्लबांशी खेळायचा. वर्तमानपत्रात मथळा 'भारत विजयी' असाच यायचा. ते सामने धरले तर बेरीज फुगते, वगळले तर आटते.

ऑलिंपिक आणि आशियाई खेळांचं गणित आणखी वेगळं आहे. जुन्या ऑलिंपिकमध्ये आपला मुख्य संघच जायचा, म्हणून ते सामने आपल्या हिशेबात धरतात. पण ऑलिंपिक फुटबॉल 1992 पासून आणि आशियाई खेळांचं फुटबॉल 2002 पासून 23 वर्षांखालच्यांचं झालं. त्यानंतरचे तिथले सामने मुख्य संघाच्या खात्यात येत नाहीत. ज्याने ही रेघ ओढली नाही त्याचा आकडा तिथेच वेगळा पडतो.

पेनल्टी शूटआउट हा आणखी एक घोटाळा. शूटआउटवर सुटलेला सामना नोंदीत बरोबरीचा. 2023 ची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा आठवा. बंगळुरूत उपांत्य फेरीत लेबनॉनशी 0-0, अंतिम सामन्यात कुवेतशी 1-1, दोन्ही वेळा शूटआउटवर आपण जिंकलो. करंडक आपला, जल्लोष आपला, पण माझ्या वहीत त्या दोन्ही ओळींवर 'ब' लिहिलं आहे, बरोबरी. शेऱ्यात : 'शूटआउटवर विजयी'. 2012 च्या नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात आपण कॅमेरूनला शूटआउटवर हरवलं, पण कॅमेरूनने दुय्यम संघ पाठवला होता. तिथे शेरा आणखी लांब आहे.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे किती नाजूक असतं ते कळेल. मुंबईत एका जुन्या आंतरराष्ट्रीय खेळाडूला भेटायला गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी कपाटातून ब्लेझर काढला, खिशावरचा बिल्ला बोटाने पुसला आणि म्हणाले, "चाळीस मॅच खेळलो मी इंडियासाठी." माझ्या वहीत त्यांच्या नावावर अकरा सामने होते. मी वही उघडली नाही. चहा झाल्यावर एकेक दौरा विचारत गेलो. कुठे गेलात, समोर कोण होतं, मैदान कसं होतं. दोन तासांत चाळीसच्या जवळपास सामने खरोखर निघाले. क्लब होते, सैन्याचे संघ होते, शहरांचे संघ होते. ते खोटं बोलत नव्हते आणि माझी वहीही चुकीची नव्हती. त्या दिवसापासून मी अशा सामन्यांसाठी मागे वेगळी पानं ठेवली.

नावाजलेल्या खेळाडूंचंही हेच होतं. 2009 च्या नेहरू चषकात बायचुंग भुतियाचा शंभरावा सामना म्हणून सत्कार झाला, पण काटेकोर नोंदी ठेवणाऱ्यांकडे त्याची बेरीज शंभरच्या आतच राहते. भुतियाचं मोठेपण त्याने कमी होत नाही, फक्त मोजपट्टी बदलते.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा की एकूण सामने, विजय, पराभव हे आकडे छापायचेच असतील तर एकाच ठिकाणचे घ्या, आणि खाली बारीक अक्षरात 'अमुक तारखेपर्यंत, फक्त पूर्ण दर्जाचे सामने, शूटआउट बरोबरीत धरून' असं लिहा. दोन ठिकाणचे आकडे एकमेकांत मिसळू नका, बहुतेक चुका तिथेच होतात. जागा कमी असेल तर एकूण बेरीज गाळली तरी चालेल. तिच्यातून वाचकाला फार काही कळत नाही. एकेका सामन्यातून जास्त कळतं.

आता 1950. घटना अशी की ब्राझीलच्या वर्ल्ड कपसाठी आशियाच्या त्या गटातून ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स या तिघांनी माघार घेतली आणि भारताला एकही सामना न खेळता प्रवेश मिळाला. सोडतीत आपण स्वीडन, इटली आणि पराग्वे यांच्या गटात आलो. मग आपण गेलो नाही.

अनवाणीची गोष्ट आली कुठून? 1948 च्या लंडन ऑलिंपिकमधून. 31 जुलैला इलफर्डच्या मैदानावर आपण फ्रान्सशी खेळलो. कर्णधार नागा टेकड्यांतले डॉ. तालिमेरेन आओ. संघातले बहुतेक जण अनवाणी, काहींच्या पायाला नुसत्या पट्ट्या. आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या, सारंगपाणी रामनने बरोबरीचा गोल केला आणि अगदी शेवटी गोल खाऊन आपण 1-2 असे हरलो. इंग्लंडमध्ये या अनवाणी संघाचं फार कौतुक झालं. पुढे वर्ल्ड कप हुकला तेव्हा लोकांनी दोन गोष्टी जोडल्या आणि 'फिफाने बूट सक्तीचे केले म्हणून आपण गेलो नाही' ही कथा पक्की झाली.

माझ्या वहीची पुढची दोन पानं या कथेच्या विरोधात जातात. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपण युगोस्लाव्हियाशी खेळलो तेव्हाही आपले अनेक खेळाडू अनवाणीच होते. 1950 च्या आधीच जर बंदी आली असती तर दोन वर्षांनी थंडीत अनवाणी उतरलेच कसे असते? ऑलिंपिकचे सामनेही त्याच नियमांखाली होतात. त्या सामन्यात आपण 1-10 असे हरलो, आपला एकमेव गोल अहमद खानचा. बूट सक्तीचे झाले ते त्यानंतर, आणि ते आपल्याच भारतीय फुटबॉल महासंघाने केले.

मग न जाण्याचं कारण काय? महासंघाने तेव्हा संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही कारणं दिली होती. प्रवास लांबचा आणि खर्चिक होता, पण खर्चाचा मोठा भाग उचलायची यजमानांची तयारी होती, त्यामुळे सगळा दोष पैशावर टाकता येत नाही. मला सगळ्यात पटतं ते शैलेन मन्ना यांचं म्हणणं, कारण ब्राझीलला संघ गेला असता तर कर्णधार तेच असते. त्यांनी पुढे सांगितलं की अनवाणीची गोष्ट हे मूळ कारणांवर घातलेलं पांघरूण होतं, आणि त्या काळी आम्हाला वर्ल्ड कपचं महत्त्वच माहीत नव्हतं, ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं. आजच्या डोळ्यांनी हे विचित्र वाटतं, पण तेव्हा वर्ल्ड कप जेमतेम चौथ्यांदा भरत होता आणि मधली बारा वर्षं युद्धामुळे कोरडी गेली होती. न गेलेले आपण एकटे नव्हतो. स्कॉटलंड गेला नाही, तुर्कस्तान गेला नाही. सोळा जागांच्या स्पर्धेत तेरा संघ उतरले. आपल्या गटात तिघंच खेळले. त्यातला इटलीचा संघ आदल्या वर्षीच्या विमान अपघातात तोरिनो क्लबचे खेळाडू गमावल्यामुळे बोटीने आला होता. स्वीडनने त्याला 3-2 असं हरवलं आणि पुढे स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला.

तुमच्या पानावर एवढंच लिहा : '1950, पात्र, माघार.' जुन्या लोकांना दुखवायचं नसेल तर पुढे लिहा की 1948 ला संघ अनवाणी खेळला होता, हे खरं आहे. दोन्ही वाक्यं शेजारी छापा, फक्त मधलं 'म्हणून' काढून टाका.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आपण आशियात पहिले होतो का. फिफाची क्रमवारी 1990 च्या दशकात सुरू झाली. त्यामुळे 1950 किंवा 60 साली 'भारत क्रमवारीत पहिला' असं कुणी लिहिलं असेल तर ते सरळ खोडा. पण क्रमवारी नव्हती म्हणून ताकद नव्हती असं होत नाही. ताकद किती होती हे सामन्यांवरून बघावं लागतं आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

1951, दिल्ली, पहिले आशियाई खेळ. आपण इंडोनेशियाला 3-0, अफगाणिस्तानला 3-0 आणि अंतिम सामन्यात इराणला साहू मेवालालच्या गोलवर 1-0 असं हरवून सुवर्ण मिळवलं. शेऱ्यात माझ्याकडे लिहिलंय : 'सहा संघ, घरचं मैदान.' सुवर्ण खरं आहे, पण त्याचं वजन करताना हे दोन शब्द विसरू नयेत.

1956, मेलबर्न. ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. याचा शेरा तर आणखी लांब आहे. स्पर्धेला अकराच संघ उरले होते, हंगेरी आली नाही म्हणून पहिली फेरी आपल्याला पुढे चाल मिळाली, आणि प्रत्यक्ष मैदानावर आपण एकच सामना जिंकला, ऑस्ट्रेलियाशी 4-2. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून 1-4, तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाकडून 0-3. एवढं वाचून कुणी म्हणेल, नशिबाने मिळालेला चौथा क्रमांक. मीही तरुणपणी असंच म्हणायचो. मग वहीची पुढची ओळ लिहिताना थांबलो. ऑलिंपिक संपल्यावर त्याच डिसेंबरमध्ये सिडनीत पुन्हा ऑस्ट्रेलियाशी सामना झाला आणि तो आपण 7-1 असा जिंकला. लागोपाठ दोनदा, त्यांच्याच देशात, अकरा गोल. याला नशीब म्हणता येत नाही. युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल आपला होता, आणि चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल घातले होते त्यांच्याशी हा सामना झाला होता.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध ज्याने तीन गोल केले तो नेव्हिल डिसूझा गोव्याच्या आसगावचा आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत, चार गोल. त्या संघाचा गोलरक्षक एस. एस. नारायणही मुंबईतलाच, कॅल्टेक्सकडून खेळणारा. तुमचं पान मराठी वाचकांसाठी आहे तर ही दोन नावं ठळक टाकाच. मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या स्टँडमध्ये बसून ज्यांनी या दोघांना बघितलं ते लोक आता फार उरले नाहीत.

आणि 1962, जकार्ता. या सामन्याबद्दल लिहिताना मला आजही आकड्यांच्या टेबलावरून उठावंसं वाटतं. गटात दक्षिण कोरियाकडून आपण 0-2 असे हरलो होतो. मग थायलंडला 4-1 आणि जपानला 2-0. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शिक्षक, त्यांनी त्या टाके पडलेल्या बचावपटूला बाहेर बसवण्याऐवजी आघाडीत उभं केलं. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपांत्य सामना 3-2 असा निसटता जिंकला. 4 सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी येऊ न दिल्याबद्दल भारतीय पदाधिकाऱ्याने जाहीर आक्षेप घेतला होता, त्यामुळे भरलेलं स्टेडियम आपल्या विरोधात. तापातून उठलेला पीटर थंगराज गोलमध्ये परतला. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल, विसाव्या मिनिटाला दुसरा, तो जर्नेल सिंगचा. कोरियाने शेवटच्या काही मिनिटांत एक फेडला. 2-1. कर्णधार चुनी गोस्वामी. हाफबॅक फॉर्च्युनाटो फ्रँको, हाही गोव्याचा आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. रहीमसाहेब कर्करोगाने आजारी होते, पुढच्या जूनमध्ये ते गेले.

या स्पर्धेत आठ संघ होते. तरीही इथे शेरा वेगळा पडतो, कारण ज्यांच्याकडून हरलो त्यांनाच दहा दिवसांच्या आत हरवलं, जपानला हरवलं, आणि सगळं परक्या, चिडलेल्या मैदानावर. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : 1951 ते 1962 या काळात भारत आशियातल्या दोन-तीन सर्वोत्तम संघांपैकी होता, आणि 1962 च्या त्या आठवड्यात तो सर्वोत्तम होता. 'आशियात पहिला' हे शब्द वापरायचेच असतील तर शेजारी 1962 लिहून वापरा.

त्याच काळातले पराभवही छापा, ही माझी विनंती आहे. 1952 चा 1-10 वर आलाच. सप्टेंबर 1955 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत संघाकडून 1-11, आपला आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. 1954 च्या मनिला आशियाई खेळांत गटातच बाद. सुवर्णकाळाच्या यादीतून हे गाळलं की वाचकाला वाटतं आधी सगळं छान होतं आणि मग अचानक कोसळलं. तसं झालेलं नाही. युरोपातल्या पूर्ण ताकदीच्या संघांशी आपलं अंतर तेव्हाही मोठं होतं. देशातले बरेच सामने तेव्हा 70 मिनिटांचे व्हायचे, आणि 90 मिनिटांच्या सामन्यात शेवटची वीस मिनिटं पाय जड व्हायचे. 1948 चा तो शेवटचा गोल बघा.

मग रहीमसाहेबांनी नेमकं काय केलं? त्यांच्या हाताखाली हैदराबाद पोलीस संघाने 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला. म्हणजे त्यांच्याकडे वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली, त्यांची पद्धत अंगात मुरलेली मुलं तयार होती. त्यांना कलकत्त्याच्या मोठ्या क्लबांतले आणि मुंबईतले खेळाडू जोडून ते भारतीय संघ बांधायचे. आघाडीचा खेळाडू मागे ओढून पोकळी करायची, पास जमिनीवरून द्यायचा, हे त्यांनी आशियात इतरांच्या आधी रुजवलं. एका माणसाच्या डोक्यात असलेली ही पद्धत त्याच्याबरोबर गेली, कारण ती पुढे चालवणारी व्यवस्था आपण उभारली नव्हती.

त्यानंतरचं थोडक्यात. 1964 च्या आशिया चषकात उपविजेते, पण शेऱ्यात 'चारच संघ, पात्रता इतरांच्या माघारीमुळे'. कोरियाला मात्र तिथे 2-0 हरवलं, ते खरं. 1970 च्या बँकॉक आशियाई खेळांत जपानला 1-0 हरवून कांस्य, कर्णधार सय्यद नईमुद्दीन. आशियाई खेळांतलं ते आपलं शेवटचं फुटबॉल पदक. ज्या जपानला आपण 1962 आणि 1970 मध्ये हरवलं त्याने 1960 च्या दशकातच जर्मन प्रशिक्षक आणला, 1965 मध्ये देशव्यापी लीग सुरू केली, 1968 ला ऑलिंपिक कांस्य मिळवलं, 1998 ला वर्ल्ड कप खेळला. आपली राष्ट्रीय लीग सुरू झाली 1996 साली. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत तर आपण 1985 साली पहिल्यांदा प्रत्यक्ष मैदानावर उतरलो. ही दोन वर्षं जपानच्या लीगच्या वर्षाशेजारी मांडली की घसरण कशी झाली ते वेगळं सांगावं लागत नाही. आपण खाली आलो त्यापेक्षा बाकीचे वर गेले आणि आपण जागच्या जागी राहिलो.

आशिया चषकात आपण पाच वेळा खेळलो : 1964, 1984, 2011, 2019 आणि जानेवारी 2024 मध्ये झालेला 2023 चा चषक. 1984 ला एकही गोल नाही, पण इराणशी 0-0 बरोबरी. 2011 ला ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहरीनकडून 2-5, कोरियाकडून 1-4. 2019 ला अबू धाबीत थायलंडला 4-1 हरवलं, तेव्हा आमच्या कार्यालयात लोक उभे राहिले होते. पुढे बहरीनविरुद्ध भरपाई वेळेतल्या पेनल्टीने बाहेर पडलो. 2024 ला तीन सामने, शून्य गोल. 2027 च्या चषकासाठी पात्रच ठरलो नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरकडून 1-2 असे हरलो तिथे ते मिटलं.

क्रमवारीचा आकडा लोकांना फार आवडतो. सर्वोत्तम 94, फेब्रुवारी 1996. सगळ्यात खाली 173, मार्च 2015. मधे जुलै 2017 ला 96 आणि जुलै 2023 ला 99. हे चारही छापा, पण लक्षात ठेवा की हिशेबाची पद्धत मधे बदलली आहे. 2018 च्या आधी प्रतिस्पर्धी हुशारीने निवडून काही जागा वर सरकणं शक्य होतं. क्रमवारी म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर, रोग त्यातून कळत नाही.

दक्षिण आशियाच्या सॅफ स्पर्धेत आपण नऊ वेळा विजेते आहोत, त्यातलं 1999 चं विजेतेपद मडगावातलं. घरच्या अंगणातला हा दबदबा खरा आहे. आणि सुनील छेत्री. जून 2005 ला क्वेट्टात पाकिस्तानविरुद्ध पदार्पण, त्यातच गोल. जून 2024 ला कोलकात्यात निवृत्ती घेतली तेव्हा 151 सामन्यांत 94 गोल. मार्च 2025 ला तो परत आला. त्याच्या आकड्यापुढे तारीख हमखास लिहा. काही जण म्हणतात, गोल लहान संघांविरुद्ध आहेत. बरेच आहेत, पण ऑगस्ट 2008 ला दिल्लीत ताजिकिस्तानविरुद्धच्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यातली त्याची हॅटट्रिक नसती तर 2011 चा आशिया चषक आपण बघितलाच नसता.

पानाची मांडणी कशी करावी हे तुमच्या जागेवर अवलंबून आहे. पूर्ण पान असेल तर डावीकडे वर्ष आणि निकाल, उजवीकडे शेरा, अशा पंधरा-सोळा ओळी बसतात. अर्धंच असेल तर 1948, 1950, 1951, 1952, 1956, 1962, 1970, 1985, 2011, 2019 एवढी वर्षं घ्या, आणि जमलं तर 2017 ची एक ओळ. त्या वर्षी 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपात जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध गोल केला, कुठल्याही फिफा वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल. त्या संघात तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. हा मुख्य संघ नाही, म्हणून ओळ वेगळ्या चौकटीत टाका.

नावं तपासताना 'मेवालाल' आणि 'थंगराज' दोनदा बघा, छापखान्यात हीच नावं सगळ्यात जास्त चुकतात. आणि आणखी एक काम करा. तुमच्या मंडळातले जे जुने खेळाडू महाराष्ट्राकडून संतोष ट्रॉफीला किंवा बाहेरून आलेल्या एखाद्या संघाविरुद्ध शाहू स्टेडियमवर खेळले असतील, त्यांच्याकडे बसून तारीख, समोरचा संघ, निकाल आणि सोबत कोण होतं एवढं लिहून घ्या. तारीख आठवली नाही तर पावसाळा की उन्हाळा, सामना सकाळी की दुपारी, एवढं विचारा, बाकीचं कात्रणांतून शोधता येतं. स्मरणिकेत जागा उरली नाही तरी ते कागद टाकू नका, माझ्याकडे पाठवा. वहीच्या मागची पानं अजून रिकामी आहेत.